हीटरची तोटी

स्वातंत्र्यानंतर आठ-नऊ वर्षांनी मी एक जुनी विलायती गाडी घेतली. मी बाळंतपणं करणारी डॉक्टर. नौपाड्यात माझा छोटा दवाखाना होता आणि बोलावणी मात्र कळवा, मुंब्रा, शीळ, थेट डोंबिवली-कल्याणपर्यंतची यायची. टांग्याने किंवा यष्टीने पोचेपर्यंत कधी मूल जन्मलेलं असायचं, कधी त्याहून वाईट काही झालेलं असायचं. म्हणून गाडी हवी होती. मुंबईतल्या एका कंपनीचा गोरा अधिकारी मायदेशी परत चालला होता, त्याने तिकडून बोटीने आणलेली गाडी मला मिळाली. थंड देशातली असल्यामुळे तिच्यात हीटर होता.

जानेवारीतल्या सकाळी त्याच्या ड्रायव्हरने मला दिवे, वायपर, स्टेपनी सगळं नीट दाखवलं. हीटरबद्दल तो काही बोलला नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. ठाण्याला परत येताना पायांना ऊब लागत होती. मला ती बरीच वाटली.

होळी झाली आणि त्या उबेचं खरं रूप कळलं. डॅशबोर्डखाली एक काळा पत्र्याचा डबा होता, त्यातून गरम वारा यायचा. हीटरचा खटका आत ढकला, बाहेर ओढा, काही फरक पडत नसे. पंख्याचं बटण बंद केलं तरी गाडी धावू लागली की वारा सुरूच. कल्याणहून परतेपर्यंत माझी साडी पोटऱ्यांना चिकटायची. बॅगेतली मलमं पातळ व्हायची. घरी आल्यावर मी आधी पाय बादलीत बुडवून बसायची आणि मगच कोणाशी बोलायची.

पहिला मेकॅनिक स्टेशनजवळचा. मी सगळं सांगितलं, त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "बाई, साहेबांना पाठवा. त्यांच्याशी बोलतो."

"साहेबांना गाडी चालवता येत नाही," मी म्हटलं. "गाडी माझी आहे, चालवते मी."

"तरी पाठवा."

माझे यजमान रंगांच्या कारखान्यात केमिस्ट होते. त्यांना गाडी शिकायची इच्छाही नव्हती. रविवारी ते गेले, मीही गेले. मेकॅनिक सगळं त्यांना सांगत होता आणि ते माझ्याकडे बघत होते. पंखा आतून फिरतच असणार असं ठरवून त्याने एक तार कापली. ती हॉर्नची निघाली. पुढचा आठवडाभर मी भर बाजारातून खिडकीबाहेर डोकं काढून "बाजूला व्हा, बाजूला व्हा" करत गाडी नेली आणि पायांशी चूल पेटलेलीच होती.

दुसऱ्याने हॉर्न जोडून दिला. इंजिनाची धग आत येते असं त्याचं मत, म्हणून त्याने मधल्या पत्र्याला गोणपाट ठासलं. गाडीला गोणपाट भाजल्याचा वास येऊ लागला, बाकी जैसे थे. तिसऱ्याने बॉनेट उघडलंसुद्धा नाही. "विलायती गाडी आहे, अशाच असतात," एवढं त्याने यजमानांना सांगितलं.

यजमानांनी मग स्वतः लक्ष घातलं. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक त्यांनी वाचून काढलं. त्यात थंडीत प्रवास सुखाचा कसा करावा हे सविस्तर होतं, पण हीटर बंद कसा करावा याबद्दल एवढंच लिहिलं होतं की खटका आत ढकलावा. ते खटका आत ढकलत, डब्यापाशी थर्मामीटर धरत आणि मान हलवत. एकदा त्यांनी बाजारातून वाळ्याचा पडदा आणला, पाण्यात भिजवला आणि मागच्या खिडकीला बांधला. डोंबिवलीला पोचेस्तोवर तो वाळून कडकडीत झाला होता. मी तो सोडला आणि शेताच्या बांधावर टाकून दिला. घरी विचारलं तेव्हा, वाऱ्याने उडाला, असं सांगितलं.

शेवटी एका रविवारी सकाळी दारातल्या कडुनिंबाखाली गाडी उभी करून मीच बॉनेट उघडलं. यजमान शेजारी पुस्तक घेऊन उभे होते. इंजिनापासून दोन रबरी नळ्या पत्र्यातून आत त्या डब्याकडे गेलेल्या दिसत होत्या. गाडी रात्रभर उभी होती, नळ्या गार होत्या. मी इंजिन सुरू केलं आणि एका नळीवर हात ठेवून उभी राहिले. इंजिन तापत गेलं तशी नळी हाताखाली गरम होत गेली. म्हणजे इंजिनातलं गरम पाणीच डब्यात येत होतं. खटका, पंखा, गोणपाट यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

इंजिन बंद करून मी ती नळी चाचपत मागे गेले. जिथे ती इंजिनाला जोडली होती तिथे तेलाचा आणि धुळीचा काळा थर होता. फडक्याने पुसला तर आत एक पितळी तोटी. घरच्या नळाला असते तशीच, फक्त छोटी.

"अहो, ही पुस्तकात आहे का?"

त्यांनी पानं उलटली. "चित्रात नाही."

"पण गाडीत आहे."

तोटी उघडी होती आणि त्याच जागी घट्ट बसली होती. तिच्यावर घासलेट सोडून ठेवलं, रोज थोडं थोडं, आणि मग एका सकाळी पक्कडीने ती फिरली. गाडी सुरू केली. नळी गारच राहिली. मी एकटीच तलावपाळीला चक्कर मारून आले. डब्यातून साधा वारा येत होता. इतक्या साध्या गोष्टीने माणसाला इतका आनंद व्हावा याचं मला स्वतःलाच हसू आलं.

तो आनंद कळव्याच्या पुलापर्यंत टिकला. दोन-तीन दिवसांनी डोंबिवलीला निघाले, तर पुलापाशी बॉनेटमधून वाफ आली. रेडिएटर उकळत होता. मी तशीच परत फिरले. मेकॅनिकने पट्टा बदलला. पुन्हा उकळला. तेल बदललं. पुन्हा उकळला. मी गाडीत पाण्याचा डबा ठेवू लागले.

"अगं, तोटी उघडी होती तोवर इंजिन उकळत नव्हतं," यजमान जेवताना म्हणाले.

"तोवर मी उकळत होते," मी म्हटलं आणि ताटावरून उठले. ते त्या वेळी बरोबर बोलत होते, पण हे माझ्या लक्षात यायला शीळफाट्याची ती दुपार यावी लागली.

मे महिना होता. शीळफाट्याजवळच्या एका गावातून एकाने सायकलवरून निरोप आणला: भावजय अडली आहे, लवकर चला. पोचून तपासलं तर मूल आडवं. पहिलटकरीण, जेमतेम विशीची. तिथे माझ्या हातात काही नव्हतं, शस्त्रक्रियाच लागणार होती. नवऱ्याला मागून यायला सांगून तिला आणि तिच्या सासूला मागच्या सीटवर घेतलं आणि ठाण्याच्या वाटेला लागले.

मुंब्र्याच्या अलीकडे, डोंगराच्या कडेने चढ सुरू झाला तिथेच तापमानाचा काटा वर चढला आणि वाफ आली. मागे ती मुलगी आधी कण्हत होती, आता कण्हायचीही थांबली होती. इंजिन निवायची वाट बघत बसायला माझ्यापाशी वेळ नव्हता. रस्ता ओस होता. मी बॉनेट उघडून नुसती उभी राहिले. आणि मला यजमानांचं ते बोलणं आठवलं. तोटी उघडी असताना इंजिन उकळत नव्हतं. म्हणजे हीटरच्या डब्यात जाणारं पाणी तिथे थंड होऊन परत येत होतं. माझे पाय भाजत होते ती उष्णता इंजिनाची होती. रेडिएटरचं अर्धं काम हीटर करत होता.

मी फडकं गुंडाळून तोटी उघडली. ओलं गोणपाट धरून रेडिएटरचं झाकण हळूहळू सैल केलं, वाफ जाऊ दिली, बरोबरच्या डब्यातलं पाणी आत ओतलं. मग आत बसून, भर मे महिन्यात, हीटरचा पंखा पूर्ण वेगाने सुरू केला.

गाडीत भट्टी झाली. चारही काचा खाली होत्या, तरी श्वास घेववत नव्हता. सासू सुनेला पदराने वारा घालत होती. "डाक्तरीन बाय, या गारीन चूल पेटवलीस काय? पोर मरंल माजी."

"ही चूल पेटलेली आहे म्हणूनच गाडी चालते आहे, मावशी. तिच्या तोंडावर पाणी लावत राहा."

तिला माझं म्हणणं पटलं नाही, आणि माझी खात्री होती असंही नाही. पण काटा हळूहळू खाली आला. चढ संपला, मुंब्रा गेलं, पूल आला. ठाण्याच्या इस्पितळात पोचलो तेव्हा मी साडीसकट भिजले होते. सर्जन सुदैवाने इस्पितळातच होते. मी हात धुऊन त्यांच्या मदतीला उभी राहिले. मुलगी झाली. आधी रडली नाही, मग रडली. आई वाचली.

दुसऱ्याच दिवशी मी गाडी, तोटी उघडी ठेवून, कल्याणच्या एका रेडिएटरवाल्याकडे नेली. यजमान सोबत आले. त्याने वरची टाकी उघडली आणि आतून पिवळा गाळ काढून दाखवला. हळद होती. रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर हळद टाकायची, भोक बुजतं, ही आपल्याकडची युक्ती. कोणीतरी ती वर्षानुवर्षं केली होती आणि भोकांबरोबर रेडिएटरच्या आतल्या बारीक नळ्याही बुजल्या होत्या. मग इंजिन तापू लागलं म्हणून हीटर कायमचा उघडा ठेवला. कोणी, ते मला सांगायची गरज नव्हती: हीटरबद्दल अवाक्षर न काढणारा तो ड्रायव्हर.

"साहेब, हळद पुन्हा घालू नका," रेडिएटरवाला यजमानांना म्हणाला.

"गाडी यांची आहे, यांना सांगा," यजमान म्हणाले.

त्याने माझ्याकडे वळून तेच वाक्य पुन्हा सांगितलं, पण मला ऐकू कमी येतं अशा थाटात, मोठ्याने आणि सावकाश.

रेडिएटर साफ झाला, तोटी बंद झाली आणि गाडी सरळ वागू लागली. टाके काढून बाळंतिणीला घरी सोडायचं ठरलं त्या दिवशी मी मुद्दाम इस्पितळाच्या दारात गाडी लावली. ओल्या बाळंतिणीने यष्टीत धक्के खात जावं हे मला पटत नव्हतं. नवरा बोचकी घेऊन गाडीकडे वळलाही, पण सासू नातीला छातीशी धरून पायरीवरच थांबली.

"आता गार आहे, मावशी. हात घालून बघा."

तिने दारातून हात आत घातला, डब्यापाशी नेला, सीटवर फिरवला. "गार हाय," ती म्हणाली. "पन वाटंन तापली तं?"

मी तिला रेडिएटर, हळद, तोटी सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग सुनेचा हात धरला आणि यष्टीच्या थांब्याकडे चालू लागली. नवऱ्याने माझ्याकडे ओशाळून पाहिलं आणि बोचकी उचलून तोही त्यांच्या मागे गेला.