टँकरची विहीर

त्या विहिरीची किळस मला अजून येते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बोळिंजच्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी नाटकात काम केलं. दुष्काळातली एक बाई एकटीच विहीर खणते, शेवटी पहिली बादली ओढते आणि ओंजळीने पाणी पिते. स्टेजवर विहीर नाही, दोर नाही. सगळं रिकाम्या हातांनी करायचं.

सुनेने तोंडाला रंग फासणं सासूबाईंना मुळीच पसंत नव्हतं. "एकदा बघते, मग ठरवू," एवढंच म्हणाल्या होत्या. म्हणजे प्रयोग फसला की माझं नाटक कायमचं बंद. घरी तालीम करताना मी ती नसलेली बादली फरशीवर टेकवली, जराशी हिंदकळवली, तर खुर्चीत बसून भाजी निवडणाऱ्या सासूबाईंनी चटकन पाय वर घेतले! मग स्वतःच ओशाळल्या. मी मनातल्या मनात नाचले.

पण आमचे अध्यक्ष! "वहिनी, पब्लिकला काही दिसायला नको का? हवेत हात काय हलवताय?" प्रयोगाच्या संध्याकाळी त्यांनी स्टेजवर प्लास्टिकची टाकी आणली, भोवती विटांच्या चित्राचा कागद चिकटवला आणि आत टँकरचं पाणी ओतलं. हिरवट, शेवाळाचा वास मारणारं. शी! वर एक झुरळ तरंगत होतं. मी हातापाया पडले, पण ऐकेल तो माणूस कसला!

तेव्हा आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. मी खरी बादली वर काढली आणि पुढच्या रांगेतली बाई ओरडली, "अहो अध्यक्ष, आमच्या बिल्डिंगला टँकर मिळत नाही, नाटकाला बरा मिळतो?" झालं! सगळे त्यांच्यावर तुटून पडले. दुष्काळातल्या बाईकडे बघतंय कोण? तरी मी ओंजळ तोंडाला लावली. ते कोमट, बुळबुळीत पाणी जिभेला लागलं मात्र, मी ओंजळ झटकली. विंगेत पळाले आणि ओकले. संपलं माझं नाटक.

घरात शिरल्यावर सासूबाई माठातलं पाणी माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "आधी चूळ भर."

मग खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या.

"हं, आता कर ते विहिरीचं. परवा केलं होतंस तसं."