करदोड्यावर बसलेला सेन्सर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, पण मध्येच 'असू द्या हो, होतं असं' म्हणू नका — तेवढं मला सोसायचं नाही.

मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे, आणि स्वभावाने संशयी. कुणी कण्हत आत आलं की माझी नजर आधी त्याच्या चपलांकडे — वाकून काढतोय की पायानेच ढकलतोय? निम्मे लोक नाटकं करतात, हे मी धरूनच चालायचे. म्हणून तर ते मशीन घेतलं. दोन छोटे सेन्सर — एक पाठीवर, एक खाली माकडहाडाजवळ. माणूस वाकला की दोन्हींच्या कोनांतल्या फरकावरून मणका किती वाकला ते स्क्रीनवर दिसतं. आता मला कोण फसवणार?

नागनाथ आले ते अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यातून. पन्नाशीचे, मागावर सुताचे जड बीम चढवणारे. पाठ धरली होती, म्हणून टॉवेलांच्या घड्या घालायचं हलकं काम मागत होते. मालकाने त्यासाठी माझा कागद मागितला होता. हलकं काम हवंय — म्हणजे? माझं मत तिथेच झालं.

ते कण्हत वाकले. स्क्रीनवर मणका छान वाकत होता. तसं मी त्यांना चांगलं ठसक्यात ऐकवलं. ते एवढंच म्हणाले, "दुकतंय मला मॅडम, आन् कळतंय मशीनला व्हय?"

मग सेन्सर काढताना मला दिसलं. खालचा कातडीला नीट चिकटलाच नव्हता. कमरेच्या काळ्या करदोड्यावर बसला होता, अर्धा अधांतरी. 'करदोडा सरकवा, पँट जरा खाली घ्या' असं परक्या पुरुषाला म्हणायला मी संकोचले होते. मणका ताठच ठेवून ते खुब्यातून वाकले होते. खालचा सेन्सर मात्र दोऱ्यासोबत मागे राहिला, आणि मशीनला वाटलं मणकाच वाकला.

पुन्हा लावायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं. पण पुन्हा मोजलं आणि — ते खरे निघाले तर? मला ते खरे नकोच होते. लाज वाटते हे सांगताना, पण नको होते.

ते गेल्यावर मी खिडकीतून पाहिलं. सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालत गेले. तर मला काय वाटावं? मी बघतेय हे याला ठाऊक आहे! मी टेबलाशी आले आणि लिहिलं — मणक्याची हालचाल सामान्य, नेहमीचं काम करू शकतात.

दोन महिन्यांनी त्यांची बायको एकटीच आली. बीम उचलताना ते जागेवरच कोसळले होते. ऑपरेशन झालं, पण डावा पाय अजून ओढत चालतात. ती भांडायला आली असेल म्हणून मी आधीच ताठ झाले होते. तिने माझाच कागद पुढे ठेवला.

"ह्यो वाचून मी त्यास्नी कामचुकार म्हनले, मॅडम. पोरांदेखत. मशीन चुकतंय का हो कवा?"

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नाही."