काठोकाठ भरलेला ग्लास

शिवणवालीच्या हातात कात्री असली की तिच्या वाटेला जायचं नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. वीतभर कापड कमी निघालं तर दुकानदाराला घाम फोडणारी बाई ती. पण घरात नवऱ्यापुढे तिचं काही चालायचं नाही. पंचवीस वर्षांत कधी चाललंच नाही.

नवरा घड्याळजी. मोहरीएवढी चाकं चिमट्याने उचलून जागच्या जागी बसवणारा. माणूस सोन्यासारखा हो, पण संध्याकाळ झाली की बाटली हवीच! शेवटी डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, "यकृत निम्मं गेलंय. आता प्यायलात तर वर्षभरसुद्धा काढणार नाही." त्या दिवशी पठ्ठ्याने बाटल्या स्वतःच्या हाताने मोरीत ओतल्या.

लेक एका हॉटेलात कॉकटेलं बनवायच्या कामाला होती. तोडगा तिनेच काढला.

"आई, बाबांना नुसती दारू नाही आठवत, ती वेळ आठवते. तो ग्लास, तो बर्फ, जेवणाआधीचा अर्धा तास. आमच्याकडे बिनदारूची अपेरिटिफ असतात. जेवणाआधी घ्यायची, जराशी कडवट."

"कडवट कशाला हवंय? मी बोलते तेवढं पुरत नाही का त्यांना?"

बोलली खरी, पण शिकली. संत्र्याची साल, कडू मुळांचा अर्क, वर सोडा आणि बर्फ. पहिल्या चार खेपा फुकट गेल्या. एकदा तर चाखताना तिचेच डोळे पांढरे झाले. घड्याळजी मात्र मुकाट्याने प्यायचा. "आण गं माझा काढा," एवढंच म्हणायचा.

दारू सुटल्यापासून त्याचा हात थरथरायचा. ग्लास उचलला की घोटभर तरी टेबलावर सांडायचं. मनगटी घड्याळं हातात धरवत नव्हती, भिंतीवरच्या घड्याळांवर दिवस काढत होता बिचारा. थरथर हळूहळू जाईल, काही महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाले होते. शिवणवालीला मात्र कसली घाई नव्हती. पोटात दोन पेग गेले की हा हात दगडासारखा स्थिर होतो, हे तिने इतकी वर्षं बघितलं होतं. म्हणून टेबलावर ओल दिसली की तिचा जीव भांड्यात पडायचा. आज नाही प्यायला! ती ग्लास मुद्दाम काठोकाठ भरायची आणि सांडलेलं फडक्याने हौसेने पुसायची.

दीड महिना असा गेला. मग एका मंगळवारी घड्याळजी शीळ घालत घरी आला. गालात लवंग होती.

"ते चिमुकलं लेडीज घड्याळ दुरुस्त करून टाकलं आज! एका बैठकीत!"

शिवणवालीने ग्लास पुढे ठेवला. त्याने उचलला, ओठांना लावला, खाली ठेवला. टेबल कोरडं ठणठणीत.

"वा! आज जमलंय हं तुला."

"आई, बघितलंस? एक थेंब नाही सांडला!" लेकीने टाळ्याच वाजवल्या. "लागू पडलं आपलं अपेरिटिफ! थांबा, अजून बर्फ आणते."

लेक आत गेली. शिवणवालीने कोरड्या टेबलावरून हात फिरवला. कालपर्यंत अर्धा ग्लास सांडणारा हात! घड्याळजीने मान खाली घातली.

"ते घड्याळ धरवेना गं हातात," तो हळूच म्हणाला. "गिऱ्हाईक समोर बसलेलं. थोडीशीच घेतली."

ओरडून झालं होतं, रडून झालं होतं, बाटल्या लपवून झाल्या होत्या, माहेरी निघून जाऊन परतही येऊन झालं होतं. आणि आत लेक गुणगुणत बर्फ फोडत होती. तिला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने पुन्हा साल किसली. न किसून करणार काय? ग्लास असा भरला की आणखी एक थेंब मावला नसता. मग फडकं हातात घेऊन टेबलाशी उभी राहिली.

"सांडा हो," ती पुटपुटली. "थोडं तरी सांडा."

घड्याळजीने ग्लास उचलला. सावकाश, थेट ओठांपर्यंत नेला. शिवणवालीने कोरडं फडकं घडी घालून खुंटीला अडकवलं.