प्रभाकरराव भोयर व संच

वासुदेवराव भोयर पाच वर्षांपासून आपल्या सख्ख्या भावाशी एक शब्दही बोललेले नाहीत, आणि या पाच वर्षांत दोघांनी मिळून भजनाचे दीडेकशे कार्यक्रम केले आहेत. हे कसं जमतं ते मला विचारा. दोघांच्या मधोमध पेटी घेऊन मी बसतो.

गिरडजवळच्या आमच्या गावात माझं किराणा दुकान आहे, पण माझा खरा धंदा निरोप्याचा. "योगेंद्रा, त्याले सांग, लय वर चढून राह्यला म्हणा." हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला हे मी सांगायचं, त्याने मान हलवायची आणि उत्तर पुन्हा माझ्याच कानात घालायचं.

भांडण शेताच्या बांधाचं, धुऱ्याचं असतं तर मिटलं असतं. हे फ्लेक्सचं आहे. आष्टीला भजनस्पर्धा होती. चौकातल्या फ्लेक्सवर थोरल्या प्रभाकररावांचा फेटा बांधलेला फोटो आणि खाली अक्षरं : प्रभाकरराव भोयर व संच. वासुदेवराव त्याखाली बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "मी संच हाव काय?" थोरल्याने म्हणायला हवं होतं, नाई रे बाबू. तो म्हणाला, "मंग काय हायेस?" झालं.

खरं सांगायचं तर फ्लेक्सवाल्याचाही दोष नव्हता. लोकांना ऐकू येतात ते प्रभाकररावच. लहानपणी दोघं ज्वारीच्या वावरात पाखरं हाकलायला बसत, एक या टोकाच्या मचाणावर, दुसरा त्या. थोरला इकडून ओळ उचलायचा, उंच आवाजात. धाकट्याचा आवाज तिथवर चढेना, म्हणून तो अर्ध्यातून खालच्या अंगाने मिळायचा. तीच रीत पन्नास वर्षं टिकली. ते दोन आवाज एकत्र आले की म्हाताऱ्या बाया सुपारी कातरायच्या थांबतात. इतक्या जवळ बसूनही माझ्या अंगावर अजून काटा येतो. आणि लोक चपला शोधताना म्हणतात, प्रभाकररावांचा काय आवाज आहे!

वासुदेवरावांची इच्छा एकच होती, एकदा तरी फ्लेक्सवर आपलं एकट्याचं नाव. त्यासाठी फेटा बांधून फोटोही काढून ठेवला होता.

यंदा देव पावला. शारदोत्सवात बोरगाव मेघेचं आमंत्रण आलं आणि त्याच आठवड्यात प्रभाकररावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. धाकट्याला भावाची काळजी वाटली नाही असं मी म्हणणार नाही. आधी फोटो पाठवला, मग काळजी केली.

फ्लेक्स चांगला फाटकाएवढा होता. नुसतं 'वासुदेवराव भोयर'. 'व संच'सुद्धा नाही, म्हणजे मी आणि ढोलकीवाला रुपेश तिथे नव्हतोच.

मी सूर दिला. वासुदेवरावांनी तोंड उघडलं आणि खालची चाल सुरू झाली. वरची त्यांनी जन्मात कधी गायलीच नव्हती. घरोघरी म्हणतात ते भजन, पण पुढे बसलेली बाई शेजारणीला विचारू लागली, "हे कोनतं भजन हाय व माय?" मी घाईघाईने पेटीवर वरची चाल वाजवली. वासुदेवरावांनी माझ्या पलीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. त्यानंतर प्रत्येक ओळीला ते आधी गप्प राहायचे, थोरला एकटा गातो तेवढा वेळ, आणि मग खालून मिळायचे. कोणाला मिळायचे, ते त्यांनाच ठाऊक. शेवटी टाळ्या पडल्या, कारण बोरगावची माणसं सभ्य आहेत.

परतताना ते गाडीत एवढंच म्हणाले, "त्याले यातलं काई सांगू नोको."

दुसऱ्या दिवशी मी प्रभाकररावांना पाहायला गेलो. काळा चष्मा लावून बाजेवर पडले होते. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "काल सहज म्हणून पाह्यलं. आवाज वर गेला, अन् उतराची जागाच सापडेना. खालून धराले कोनी नाई न." मग चष्मा सारखा करत, "त्याले सांगू नोको."

पाच वर्षं मी यांचे फालतू निरोप वाहिले. पोचवण्याजोगे दोनच आले, आणि दोन्ही सांगू नको म्हणून. मला राग आला, खराच राग आला.

बोरगावचा फ्लेक्स आता वासुदेवरावांच्या सोयाबीनच्या गंजीवर पांघरलेला आहे, फोटोची बाजू आत करून.

चष्मा उतरल्यावर पहिली बैठक झाली, तेव्हा मी पेटी उचलली आणि सरळ सतरंजीच्या कडेला जाऊन बसलो. मध्ये माझी जागा मोकळी. म्हटलं, बोला आता एकमेकांशी, नाहीतर राहू द्या भजन. रुपेशने ढोलकी ओढली आणि पुन्हा खाली ठेवली.

"मंधात बस," दोघं एकदमच म्हणाले. एक वरून, एक खालून.

मी मुकाट्याने उठलो आणि मध्ये जाऊन बसलो.