केबिनच्या दारापुढची भिंत

“दारापुढे भिंत कोणी बांधली?”

कुलथे साहेब केबिनमधून ओरडले. भिंत चार फुटांची आणि साहेब उंचीने बेताचे. आम्हाला त्यांचं फक्त डोकं आणि खांदे दिसत होते.

चूक माझी होती. बुलढाण्यात एका वसतिगृहाचं बांधकाम सुरू होणार होतं. कामगार शहरातलेच घ्यायचे, अशी कंत्राटात अट होती. तशी माणसं शोधून ठेकेदाराच्या मॅनेजरपुढे उभी करणं ही माझी नोकरी. मॅनेजर म्हणजे हे कुलथे साहेब. त्यांना नेहमीची बाहेरची टोळी आणायची होती. “इथे गवंडी मिळत नाहीत,” हे ते रोज ऐकवायचे. म्हणून मी ट्रेड टेस्ट ठेवली. प्रत्येकाने दोन तासांत एक मीटर लांब, चार फूट उंच भिंत बांधून दाखवायची.

पाच गवंडी आले. मी केबिनला लागून खडूने पाच मीटरची रेघ मारली. तेवढ्यात कमलबाई आल्या. माझ्या यादीत त्या ‘मजूर’ होत्या. यादी मीच टाइप केलेली. बाईचं नाव दिसलं की मजूर.

“मले गवंड्यात घ्या,” त्या म्हणाल्या.

“बाई, इथे भिंत बांधायची आहे.”

“मंग? दुसरबीडले बहिणीचं घर कोनं बांधलं? आमचे हे नुसत्या इटा देत होते हातात.”

मी कागदात बघत बघतच रेघ मीटरभर पुढे ओढली. ती दारापुढून गेली. साहेब आत एसी लावून व्हिडिओ मीटिंगमध्ये होते. दार आत उघडणारं, त्यामुळे कोणाला काही अडलं नाही. दोन तासांनी साहेबांनी दार उघडलं, तेव्हा समोर भिंत उभी होती.

“बाई, दार दिसलं नाही?” मी विचारलं.

“दिसलं ना. मले वाटलं, बंदच करायचं हाय.”

“पाडा आधी!” साहेब म्हणाले.

“आधी मार्क द्या, मंग पाडतो,” कमलबाई म्हणाल्या.

“बाहेर येऊन देतो.”

“पाडल्याबिगर बाहेर कसे येसान? अन् पाडल्यावर मोजसान काय?”

साहेबांनी भिंतीवर हात टेकला.

“हात नोका लावू, माल ओला हाय!” सहाही जण ओरडले.

साहेबांनी चाकांची खुर्ची आणली. वर चढले. खुर्ची फिरली आणि साहेब आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मग ते तसेच जपून खाली उतरले.

शेवटी त्यांनी ओळंबा मागितला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन; भिंत सरळ आहे का ते त्याने कळतं. मी तो भिंतीवरून दिला. साहेबांनी तीन ठिकाणी सोडून पाहिला. दोरी कुठेच हटेना.

“आतून तरी सरळ आहे,” ते पुटपुटले.

“आतली बाजू तं मले दिसतही नव्हती,” कमलबाई म्हणाल्या.

“दहापैकी नऊ.”

“एक काऊन कापला?”

“जागा चुकली.”

“तो ह्या सरांचा कापा,” त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मग कमलबाईंनी एकेक वीट काढली, थापीने खरवडली आणि बाजूला रचली. वाट झाली तसे साहेब शांतपणे बाहेर आले आणि थेट बाथरूमकडे पळाले. घाई मीटिंगपासूनचीच होती.

परतल्यावर त्यांनी बाकीच्या पाच भिंती तपासल्या. सहाही जण कामावर लागले, बाहेरच्या टोळीसाठी काढलेलं गाडीचं आरक्षण रद्द झालं. रजिस्टरात कमलबाईंच्या नावापुढचं ‘मजूर’ खोडून साहेबांनी स्वतः ‘गवंडी’ लिहिलं.

टेस्ट मी अजूनही घेतो. रेघ मात्र गवंड्यांनाच मारायला सांगतो. ते कागदात नाही, मान वर करून बघतात.