आंघोळीच्या पाण्याची बादली

"हे घाण पाणी कुणाचं?"

शिबिराच्या ताईंनी माझी बादली उचलून अंगणात, सगळ्या मुलांच्या मधोमध आणून ठेवली होती. वर साबणाचा पांढुरका फेस. मी हात वर केला. यात लाजण्यासारखं काही असतं, हेच मला माहीत नव्हतं.

कोकणातल्या एका सागरी उद्यानातलं ते उन्हाळी शिबिर. समुद्र कसा वाचवायचा, ते शिकवणारं. संभाजीनगरहून आम्ही बसभर मुलं गेलो होतो. बाकीची मुलं फी भरून आलेली. मी मुकुंदवाडीतल्या शाळेतून, फुकटच्या जागेवर. मला तिथं एकच गोष्ट हवी होती. शेवटच्या दिवशी होडीतून समुद्रात आत नेऊन पाण्याखालचं प्रवाळ दाखवणार होते. त्याचं चित्र मी घरी भिंतीला चिकटवलं होतं.

आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. आई आम्हाला टबात उभं करून आंघोळ घालायची. ते पाणी बादलीत भरून ठेवायची आणि संडासात ओतायची. सांडलं की पाठीत धपाटा. शिबिरात मी तेच केलं. हाताला सवयच तशी.

"तुमच्याकडे चालत असेल हे," ताई म्हणाल्या. "इथे चांगल्या घरची मुलं राहतात."

सगळे हसले. माझ्याच शहरातली मुलंसुद्धा. त्यांच्या बंगल्यांना टँकर येतो, त्यांचं काय जातं हसायला!

पाणी मला गटारात ओतायला लावलं. मग ताई म्हणाल्या, "सगळ्यांची माफी माग. म्हण, ही घाणेरडी सवय सोडीन. नाहीतर उद्या होडीत जागा नाही."

खोटं कशाला सांगू, मागावीशी वाटली. तोंड उघडलंही. पण घाणेरडी म्हणायचं होतं ते मला नाही, माझ्या आईला. ते माझ्या जिभेवर येईना.

"नाही मागणार," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी होडी गेली. मला पोतं दिलं, किनाऱ्यावरच्या बाटल्या वेचायला. मी हमसून हमसून रडले. विचारायला कुणी आलं नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, ती जवळ घेईल. ती म्हणाली, "मागायची व्हती की गं माफी. दोन शब्दानं काय झिजली असतीस? ते समुद्रातलं तरी बघून आली असतीस."

मला तिचाच राग आला. जन्मभर वाकून वाकून तिला वाकणं सोपं झालंय. तो राग अजून गेलेला नाही.

पाणी अजून तसंच येतं. शिबिर दर उन्हाळ्यात भरतं. मी प्रवाळ पाहिलं नाही, आता कोण दाखवणार? पण आईच्या जगण्याबद्दल मी माफी मागणार नाही. कुणाचीच नाही. आईनं स्वतः सांगितलं, तरी नाही.