एका नंबरचे दोन ट्रक

परवा सकाळी अकराच्या सुमारास कळंबोलीच्या आमच्या लोखंडाच्या यार्डात दोन ड्रायव्हर एकमेकांच्या अंगावर धावून गेले... चूक दोघांचीही नव्हती. माझी होती.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली, इथे सळ्या उचलायला आलो. एका जागी स्वस्थ बसवत नाही, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ बघत बघत कोडिंग शिकलो आणि गेटवरच्या वहीच्या जागी एक छोटा प्रोग्राम बनवला.

ट्रक आला की नोंद टाकायची, कम्प्युटर आपोआप पुढचा नंबर देतो, त्या नंबरची चिठ्ठी ड्रायव्हरला, आणि त्याच नंबरावर माल चढतो. शेठनी खूश होऊन मला लोडिंगमधून काढलं आणि खुर्ची दिली. सहा महिने मस्त चाललं... मग मागचं गेट सुरू झालं, तिथे त्याच नोंदींना जोडलेला दुसरा कम्प्युटर आला.

आणि परवा दोघांच्या हातात एकच नंबर. ६४१२. साताऱ्याचे पत्रे क्रेनवाल्याने नाशिकच्या गाडीत चढवलेसुद्धा!

शेठ ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. "संध्याकाळपर्यंत बघ. नाहीतर उद्यापासून वही चालू, आणि तू परत लोडिंगला."

डोकं चालेना. डेटाबेसमध्ये नोंदी तर बरोबर होत्या, ६४११ वेगळी, ६४१२ वेगळी. मग चिठ्ठीच कशी चुकते?

मागच्या गेटवर वामनकाका बसतात. उरणजवळच्या करंजा बंदराचे, अर्धं आयुष्य मासेमारीच्या बोटीवर गेलेलं. मला बघून म्हणाले, "काय रं, तुजा कम्प्युटर जुळी पोरं द्याया लागला काय?"

मी वैतागून सांगितलं, काका, नोंद टाकली की मी विचारतो शेवटचा नंबर कुठला, आणि तोच छापतो.

"अरं येड्या! बंदरावर लिलावाला आमी मासळीची पाटी ठेवली का तवाच चिठी हातात घेतो. मागून जाऊन शेवटचा नंबर कंचा, असं कोन इचारत नाय. तवर दुसऱ्याची पाटी पडलेली आसते!"

मी जागेवरच थांबलो... पुढच्या गेटची नोंद पडली ६४११. ते शेवटचा नंबर विचारेपर्यंत मागच्या गेटने ६४१२ टाकली. मग दोघांनाही उत्तर एकच. एकच गेट असताना हे कळणार तरी कसं?

शोधलं तर सोय होतीच. नोंद टाकतानाच, त्याच कमांडमध्ये सांगायचं, तू दिलेला नंबर लगेच मला परत दे. एक ओळ काढली, थोडंसं वाढवलं... बास.

चार वाजता दोन्ही गेटांवर एकदम बटण दाबून बघितलं. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. काका फोनवर चिठ्ठीचे शेवटचे दोन आकडे ओरडत होते, "माज्याकडं वीस! तुजा?" "एकोणीस, काका!"

खांद्यावरून सळ्यांचा भारा उतरवल्यासारखं वाटलं. आणि तो किती जड असतो, हे मला चांगलं माहितीय.

शेठनी चिठ्ठ्या उलटसुलट करून बघितल्या आणि एवढंच म्हणाले, "चहा पी आधी."

शाळा सुटल्यापासून वाटायचं, अडलं तर विचारायला आपल्याला कुणी मास्तर नाही... आहेत की. मागच्या गेटवर बसतात.